देव नाही, मग धाक कशाचा?



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी धम्मदीक्षेनंतर देव्हारा उठला. खंडोबाचे टाक, मरीआईचा तांदळा, म्हसोबाचा शेंदूर फासलेला दगड कोणी नदीत सोडला, कोणी विहिरीत. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर गावोगाव हे घडले आणि आजही जे कुटुंब नव्याने धम्मात येते त्याच्या घरी ते घडते. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लागते. मग थोड्याच दिवसांत घरातली एखादी आजी किंवा शेजारचा एखादा गृहस्थ विचारतो, ''देव काढलात, ठीक आहे. पण आता पोरांना धाक कशाचा? वरून बघणारा कोणी नाही असे एकदा कळले की चोरी करायला, खोटे बोलायला, दारू प्यायला त्यांना अडवणार कोण?''

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आजी अडाणी म्हणून ती असे विचारते, असे तर मुळीच समजू नका. मोठमोठ्या पंडितांनी हाच प्रश्न विचारला आहे. त्यांचे शब्द तेवढे जड होते. ज्या घरात त्याचे उत्तर मिळत नाही त्या घरात दोहोंपैकी एक गोष्ट घडते. आजी नातवाच्या आजारपणात गुपचूप जाऊन गंडा बांधून आणते, हा एक प्रकार. तरुण मुलगा 'देव नाही, मग आपल्याला विचारणारा कोण' असे म्हणत गुत्त्यावर जाऊन बसतो आणि वर स्वतःला बौद्ध म्हणवतो, हा दुसरा. आजीचा गंडा वाईटच. पण मुलाचा गुत्ता मला अधिक वाईट वाटतो, कारण तो बाबासाहेबांचे नाव पुढे करून चाललेला असतो.

तेव्हा आज आपण या प्रश्नाचा सरळ विचार करू. प्रथम पाहू, देव मानल्याने माणूस नीतिमान होतो काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला ग्रंथ उघडण्याची गरज नाही. महाडचे चवदार तळे आठवा. नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून ते सर्वांना खुले केले होते. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हजारो बांधवांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ले झाले. पुढे तळे बाटले म्हणून पाण्याच्या १०८ घागरी काढून, त्यांत शेण, गोमूत्र, दही, दूध घालून, मंत्र म्हणून ते पाणी पुन्हा तळ्यात ओतण्यात आले. हे करणारे लोक नास्तिक होते काय? ते सकाळ-संध्याकाळ देवाचे नाव घेणारे होते. देवाला भिणारे होते. आणि येथे नीट लक्ष द्या: त्यांनी हे देवाचे भय सोडून केले नाही, देवाच्या भयापोटीच केले. माणसाला पाणी पिऊ दिले तर आपल्या हातून पाप घडेल, अशी त्यांची खरोखरीच समजूत होती. म्हणजे धाक होता, पण तो त्यांना ज्या बाजूला ढकलत होता ती बाजू अन्यायाची होती. कोर्टकचेऱ्या होऊन मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

दुसरे असे की, देवाचा धाक सैल करण्याची सोय देवाजवळच असते. वजनात मारलेला छटाक नारळाने फिटतो. नवस बोलला, बोकड कापला, पालखीला खांदा दिला, की मागचा हिशेब मिटला असे माणसाला वाटते. ज्याची लूट झाली त्याच्या हाती मात्र काहीच परत येत नाही.

परंतु यावरून उलट्या टोकाला जाऊ नका. देव मानणारा तो दुष्टच, असे म्हणणे खोटे होईल आणि खोटे बोलणे हा शीलभंग आहे. गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली. देवापुढे कोंबडे-बकरे कापू नका, दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, हे त्यांनी कीर्तनातून आयुष्यभर सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांचेच पाहा ना! त्या देवभोळ्या होत्या. तरी स्वतः उपाशी राहून दारी आलेल्याला भाकरी देणाऱ्याही त्याच होत्या.

आता दुसरी बाजू पाहू. देव न मानता स्वच्छ जगलेली माणसे आहेत काय? आपल्या महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकर होऊन गेले. मोठ्या पगाराच्या मागे न लागता त्यांनी शिक्षणाला वाहून घेतले, १८८८ साली 'सुधारक' काढला आणि देवाचा आधार न घेता केवळ विवेकाच्या बळावर स्त्रियांची बाजू मांडली. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ साली, चाळिशीही गाठण्यापूर्वी, ते वारले. त्यांच्या शीलाविषयी त्यांच्या विरोधकांनाही बोट दाखवता आले नाही.

आंध्रमधील गोरा यांची हकीकत आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. त्यांचे पूर्ण नाव गोपराजु रामचंद्र राव. जन्म १९०२ सालचा, ब्राह्मण घराण्यातला. ते महाविद्यालयात शिकवीत. उघडपणे निरीश्वरवाद सांगितल्यामुळे त्यांना नोकरी गमवावी लागली. १९४० साली कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर या खेड्यात त्यांनी नास्तिक केंद्र काढले. ते पुढे विजयवाड्याला गेले. गोरा अस्पृश्यांच्या वस्तीत राहिले, त्यांच्या पंक्तीला जेवले. बोलणारे पुष्कळ असतात. यांनी आपली थोरली मुलगी मनोरमा हिचे लग्न अर्जुन राव या अस्पृश्य समाजातील तरुणाशी लावून दिले. ते लग्न आपल्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामला मार्च १९४८ मध्ये झाले. गांधीजींनी ते आपल्या आश्रमात लावण्याचे कबूल केले होते आणि गोरा देव मानत नाहीत म्हणून विधीत ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घेण्यासही त्यांची तयारी होती. पण लग्नाआधीच, ३० जानेवारीला, त्यांची हत्या झाली. आता सांगा, देवाचे नाव घेणाऱ्या किती घरांनी त्या काळी आपली मुलगी अस्पृश्याच्या घरी दिली होती?

तेव्हा देव मानणाऱ्यांत चांगले आहेत, वाईट आहेत. न मानणाऱ्यांतही चांगले आहेत, वाईट आहेत. जी गोष्ट दोन्हीकडे कधी असते आणि कधी नसते, तिचे मूळ देव मानण्या-न मानण्यात नसणार, एवढे आपल्या आजीलाही सहज पटेल. मग ते मूळ कोठे आहे?

याचे उत्तर तथागतांनी कोसल देशातील वेळुद्वार नावाच्या गावी दिले आहे. संयुत्तनिकायात ते सुत्त आहे. तेथील ब्राह्मण गृहस्थ भगवंतांकडे आले आणि मोकळेपणाने म्हणाले, ''आम्ही संसारी माणसे. मुलाबाळांच्या गर्दीत राहतो, काशीचे चंदन लावतो, फुलांच्या माळा घालतो, सोनेनाणे जवळ बाळगतो. आम्हांला येथेही सुख हवे आणि मेल्यावर स्वर्गही हवा. आम्हांला झेपेल असा काही धम्म सांगा.'' किती खरी माणसे! भगवंतांनी त्यांना यज्ञ सांगितला नाही, की कोणा देवाची आज्ञा सांगितली नाही. त्यांनी जो उपदेश केला त्याला पालीत 'अत्तूपनायिक' म्हणतात. स्वतःला लावून पाहण्याचा, स्वतःवरून ताडून घेण्याचा उपदेश, असा त्याचा अर्थ.

तो असा. उपासकाने विचार करावा: मला जगावेसे वाटते, मरावेसे वाटत नाही. कोणी माझा जीव घेतला तर मला ते आवडेल काय? नाही. मग मी दुसऱ्याचा जीव घेतला तर त्याला ते आवडेल काय? जे मला नकोसे आहे तेच त्यालाही नकोसे आहे. जे मला नकोसे वाटते ते मी दुसऱ्याच्या गळ्यात कसे बांधू? एवढा विचार करून तो हिंसेपासून दूर राहतो. चोरीचे असेच, व्यभिचाराचे असेच, खोट्याचे असेच. पुढे भगवंतांनी चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड यांनाही हाच निकष लावला. आणि नुसते स्वतः दूर राहून भागत नाही. दुसऱ्यालाही दूर राहण्यास सांगावे, आणि जो दूर राहतो त्याचे कौतुक करावे, असेही सांगितले.

या सबंध विचारात 'वरून बघणारा' कोठे आला? तो आलाच नाही. त्याच्या जागी समोरचा माणूस आला आहे. महाडच्या तळ्यावर नेमका हाच प्रश्न कोणी स्वतःला विचारला नाही: मला तहान लागली असता कोणी माझ्या हातचा तांब्या हिसकावला तर? ज्याने आयुष्यात एकदा तरी वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यायले आहे, त्याला हा उपदेश समजण्यास टीकाकाराची गरज पडत नाही. म्हणूनच मला वाटते, हे सुत्त आपल्याइतके दुसऱ्या कोणालाही जवळचे वाटणार नाही.

''पण मेल्यावर काय? परलोक नसेल तर चांगले वागून उपयोग काय?'' असे कोणी विचारील. हा प्रश्नही जुनाच आहे. केसपुत्त नगरीच्या कालामांना जो उपदेश झाला, त्यातला 'ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, ग्रंथात आहे म्हणून विश्वास ठेवू नका' हा भाग आपण सभांमधून नेहमी ऐकतो. त्याचा शेवट मात्र क्वचितच सांगितला जातो. तेथे तथागत म्हणतात की, ज्याच्या मनात वैर नाही, द्वेष नाही, त्याला चार दिलासे येथेच मिळतात. परलोक असेल आणि कर्माचे फळ तेथे मिळत असेल, तर त्याचे भले होईल. परलोक नसेल, तर याच जन्मी तो निर्वैर आणि सुखी राहिला, हे काही थोडे नाही. पाप करणाऱ्याचे वाईट होत असेल, तर त्याने पाप चिंतलेलेच नाही, त्याला दुःख कोठून शिवणार? आणि तसे होत नसेल, तरी तो दोन्हीकडून स्वच्छच आहे. म्हणजे परलोकाचा निकाल लागेपर्यंत शीलाने थांबून राहावे, असे तथागतांनी सांगितले नाही. निकाल कोणताही लागो, शील पाळणाऱ्याचे काहीच बुडत नाही.

आता धाकाकडे वळू, कारण आजीचा मूळ मुद्दा तो आहे. धम्मात धाक नाही असे नाही. जुन्या समजुतीप्रमाणे चार दिशांना चार लोकपाल देव उभे राहून जग राखतात. तथागतांनी ती पदवी देवांकडून काढून दोन मनोवृत्तींना दिली. अंगुत्तरनिकायात त्यांची नावे आहेत, हिरी आणि ओत्तप्प. हिरी म्हणजे वाईट कृत्याची आतून वाटणारी लाज. 'हे मला शोभत नाही' ही भावना. ओत्तप्प म्हणजे वाईट कृत्याच्या परिणामांचे भय; त्यात शहाण्यासुरत्या माणसांच्या निंदेचे भयही आले. या दोन नसत्या तर आई, मावशी, गुरुपत्नी असा काही भेद जगात उरला नसता, मेंढ्या-बकऱ्यांसारखे सारे झाले असते, असे तेथे म्हटले आहे. खरे लोकपाल हे दोन. त्यांना नारळ चालत नाही.

ही लाज मुलांच्या मनात कशी रुजवावी? त्याचा धडाही भगवंतांनी स्वतःच्या मुलाला देऊन ठेवला आहे. राहुल तेव्हा लहान श्रामणेर होता आणि राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहत होता. भगवान तेथे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडेसे पाणी उरले होते. भगवान म्हणाले, ''राहुल, हे उरलेले थोडेसे पाणी पाहिलेस? ज्याला जाणूनबुजून खोटे बोलताना लाज वाटत नाही, त्याच्या अंगी श्रमणपण एवढेसेच असते.'' मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखवले आणि प्रत्येक वेळी तेच सांगितले. नंतर विचारले, ''आरसा कशासाठी असतो?'' ''पाहण्यासाठी,'' राहुल म्हणाला. ''तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यावर पाहावे: याने माझे, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित तर होत नाही ना?'' अहित झालेच असेल तर ते वडीलधाऱ्यांपाशी किंवा जाणत्या सोबत्यापाशी उघड सांगावे आणि पुढे सांभाळावे.

बापाने मुलाला घाबरवले नाही, मारले नाही, नरकाचे चित्र दाखवले नाही. एक भांडे आणि एक आरसा! सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावीत अशी जी थोडी सुत्ते नावानिशी सांगितली आहेत, त्यांत राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला हा उपदेश आहे.

तुमच्या मुलाने दुकानातून न विचारता गोळ्या उचलल्या तर 'देव बघतो' असे म्हणण्याची सवय जिभेवर असतेच. त्याऐवजी त्याला विचारा, ''तुझी पाटी-पेन्सिल कोणी अशीच उचलली तर?'' आणि मग त्याला बरोबर घेऊन दुकानात जा, पैसे द्या. दुकानदारापुढे उभे राहण्याची ती दोन मिनिटे तो विसरणार नाही. अर्थात, बापाने स्वतः दारावर आलेल्या वसुलीवाल्याला 'मी घरी नाही म्हणून सांग' असे पोराकडून वदवून घेतले असेल, तर हा पाठ शिकवू नये. पोर मोठ्याने हसेल.

कोणी म्हणेल, एवढे कशाला, कायदा आहेच की. १९५० साली 'महाबोधी' मासिकातील लेखात बाबासाहेबांनी याचा विचार केला आहे. समाज एकत्र राहण्यास कायद्याचा किंवा नीतीचा आधार लागतो, आणि त्यात कायद्याचा वाटा फार लहान असतो; थोड्या उपद्रवी लोकांना तो आवरतो, बाकीच्या बहुसंख्यांना नीतीच धरून ठेवते, असे त्यांनी दाखवले. आपल्याला हे अनुभवाने ठाऊक आहे. घटनेने १९५० साली अस्पृश्यता रद्द केली, १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला, १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. हे सर्व हवेच होते. पण शेजाऱ्याच्या मनातला विटाळ पोलीस काढू शकत नाही.

येथपर्यंत आपल्याला ऐकायला गोड वाटले असेल. आता थोडे कडू.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब दाखवतात की, इतर धर्मांत नीती ही आगगाडीला लागेल तेव्हा जोडावा आणि नको तेव्हा सोडावा अशा डब्यासारखी असते. धम्मात मात्र ईश्वराच्या आसनावर नीतीच बसलेली आहे. पण तेथेच ते थांबत नाहीत. नीती चोरांतही असते, असे ते बजावतात. चोर लुटीची वाटणी आपसात प्रामाणिकपणे करतात. व्यापारी व्यापाऱ्याला दिलेला शब्द पाळतो. जातीतला माणूस जातवाल्याच्या अडीअडचणीला धावून जातो. ही नीती नव्हे काय? नीती आहे, पण कुंपणातली. कुंपणाबाहेरच्या माणसाला ती लागू नाही, आणि म्हणूनच तिच्यातून अन्याय जन्मतो. नीती पवित्र असली पाहिजे, कोणालाही ती मोडण्याची मुभा असता कामा नये. आणि ती सर्वांना सारखी लागू असली पाहिजे, असे बाबासाहेबांचे सांगणे आहे.

महाडच्या सनातन्यांचे नेमके हेच चुकले होते. आपल्या आळीत ते प्रेमळ बाप असतील, सज्जन शेजारी असतील. त्यांची नीती तळ्याच्या काठापर्यंत येऊन थांबली.

आपली कोठे थांबते? देव सोडला म्हणून कुंपण आपोआप मोडत नाही. बावीस प्रतिज्ञा पुन्हा वाचून पाहा. देवांना न मानण्याच्या प्रतिज्ञा, आणि चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही या प्रतिज्ञा बाबासाहेबांनी एकाच दमात, एकाच जनसमुदायाकडून वदवून घेतल्या. पहिल्या आपण घेतल्या. दुसऱ्या नागपूरला ठेवून आलो, असे तर झाले नाही ना? लग्न ठरवताना आपल्याकडे अजून पोटजात विचारली जाते. मातंग किंवा वाल्मीकी घरातले पाणी पिताना काही घरांत अजून हात अडखळतो. पंचशील घेऊन लागलेल्या लग्नात हुंडा मोजला जातो, आणि तीच सून पुढे सर्वांच्या मागून जेवते. येथे देव कोठेच नाही. तरी अन्याय आहे. जो नुसता नास्तिक झाला त्याने जुने घर पाडले एवढेच. बौद्धाला त्या जागी राहण्याजोगे घर बांधावयाचे असते, आणि ते शीलावाचून उभे राहत नाही.

हा पाठ विहारात वाचाल तेव्हा वाचन संपल्याबरोबर वंदना घेऊन उठू नका. अर्धा तास बसा. वेळुद्वाराचा उपदेश एकेकाने आपल्या घराला लावून पाहावा: जे मला नकोसे आहे असे काय मी घरात, कामावर, वस्तीत दुसऱ्याला देत आहे? पुरुषांनी आधी बोलू नये. घरातल्या सुनांना, मुलींना आणि म्हाताऱ्या माणसांना आधी विचारावे आणि त्या बोलत असताना मध्ये तोंड घालू नये. जे निघेल ते वहीत लिहून ठेवा. पुढील पक्षात आपण सिगालोवाद सुत्त घेणार आहोत. त्यात आईबाप, गुरू, पत्नी, मित्र, नोकरचाकर आणि श्रमण यांच्याशी कसे वागावे ते एकेक करून सांगितले आहे; तेव्हा ही वही बरोबर आणावी.